स्लॅबखाली: हैतीतील 2010 चा भूकंप, एक प्रकरण अभ्यास

12 जानेवारी 2010 रोजी, मंगळवारी, स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी 4 वाजून 53 मिनिटांनी कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागात, म्हणजे हैती या देशात, 7.0 क्षमतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू लिओगान या गावाजवळ, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून अवघ्या 25 किलोमीटरवर होता आणि खोली सुमारे 13 किलोमीटर होती. मुख्य हादरा अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकला. तेवढ्या वेळात एक लाखाहून अधिक घरे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दोन लाख घरांना कमी-अधिक इजा झाली. राष्ट्राध्यक्षांचा पांढरा प्रासाद मधोमध खचला, कॅथेड्रल कोसळले, बहुतेक मंत्रालयांच्या इमारती पडल्या, मुख्य तुरुंगाच्या भिंती फुटून हजारो कैदी बाहेर पडले आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मुख्यालय ज्या हॉटेलात होते तेही भुईसपाट झाले. त्या मुख्यालयात आणि शहरात इतरत्र मिळून संयुक्त राष्ट्रांचे 102 कर्मचारी मृत्युमुखी पडले. मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी हे त्यांपैकी एक. सुमारे पंधरा लाख लोक बेघर झाले.

मृतांचा आकडा मात्र आजही एक नाही. हैती सरकारने प्रथम दोन लाख वीस हजारांहून अधिक, नंतर तीन लाख सोळा हजार असा आकडा दिला, तर काही स्वतंत्र पाहण्यांनी तो एक ते दीड लाखाच्या आसपास धरला आणि अमेरिकी सरकारसाठी झालेल्या एका अहवालाने त्याहूनही बराच खाली आणला. या अनिश्चिततेला निष्काळजीपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. ज्या देशात जन्म, मृत्यू आणि जमीन यांच्या नोंदी भूकंपापूर्वीच अपुऱ्या होत्या, जिथे झोपडवस्तीत किती माणसे राहतात हे कोणत्याच कचेरीला नेमके ठाऊक नव्हते आणि जिथे हजारो प्रेते ओळख न पटवता सामूहिक खड्ड्यांत पुरावी लागली, तिथे मेलेल्यांची मोजणी होऊ न शकणे हाही त्या आपत्तीचाच एक भाग आहे.

हैतीचे लोक आपल्या क्रिओल भाषेत या भूकंपाला ‘गुडूगुडू’ म्हणतात. जमिनीतून आलेल्या आणि इमारती कोसळताना झालेल्या गडगडाटाच्या आवाजावरून लोकांनी हे नाव पाडले. दोन शतकांहून अधिक काळ राजधानीने मोठा भूकंप पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्या अनुभवाला रोजच्या बोलण्यातला सवयीचा शब्दच नव्हता. तो लोकांना नव्याने घडवावा लागला.

तुलना कोणाशी करावी

गरीब देशांत नैसर्गिक संकटे अधिक माणसे का मारतात, हे सांगताना हैतीच्या शेजारी नेहमी चिलीला उभे केले जाते. 27 फेब्रुवारी 2010 रोजी, म्हणजे सात आठवड्यांच्या आत, चिलीच्या किनाऱ्याजवळ 8.8 क्षमतेचा भूकंप झाला. त्यात बाहेर पडलेली ऊर्जा हैतीच्या भूकंपापेक्षा सुमारे पाचशे पट होती, त्यामागोमाग त्सुनामीही आली, आणि तरी मृतांची संख्या सुमारे 525 होती. आकडे खरे आहेत, पण तुलना जशीच्या तशी स्वीकारणे मला योग्य वाटत नाही, कारण चिलीचा भूकंप समुद्राखाली आणि अधिक खोल झाला, तर हैतीचा भूकंप दाट वस्तीच्या शहराला जवळजवळ खेटून झाला.

म्हणून न्यूझीलंडचे उदाहरण अधिक उपयोगी ठरते. सप्टेंबर 2010 मध्ये क्राइस्टचर्चच्या पश्चिमेस, शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, हैतीइतक्याच क्षमतेचा आणि तेवढाच उथळ भूकंप झाला. तो पहाटे झाला आणि त्यात थेट इमारती पडून एकही माणूस मेला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याच परिसरात, या वेळी थेट शहराच्या उशाशी आणि भर दुपारी, पुन्हा भूकंप झाला. तो आकाराने लहान होता, पण 185 माणसे गेली. म्हणजे अंतर, वेळ आणि दैव यांचा वाटा आहेच, श्रीमंत देशही सुटत नाहीत. परंतु हे सारे वजा केल्यावरही 185 आणि लाखाच्या पुढचा आकडा यांमध्ये जे उरते, त्याचे स्पष्टीकरण भूगर्भशास्त्र देऊ शकत नाही. ते घरांच्या बांधणीत, जमिनीच्या वाटपात आणि राज्यसंस्थेच्या ताकदीत शोधावे लागते.

घर कशाचे होते

या प्रकरणाचा गाभा मला घराच्या छपरात दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

हैती दरवर्षी चक्रीवादळांच्या वाटेवर असतो. 2004 मध्ये जीन या वादळाच्या पावसाने गोनाईव्ह शहर बुडाले आणि देशात सुमारे तीन हजार माणसे मेली. 2008 मध्ये एका महिन्याच्या आत फे, गुस्ताव, हॅना आणि आइक अशी चार वादळे लागोपाठ आली, सुमारे आठशे माणसे गेली आणि शेती वाहून गेली. अशा देशातल्या कुटुंबाला दर काही वर्षांनी दिसणारा शत्रू वारा आणि पाऊस हा असतो. पत्र्याचे छप्पर उडते, कुडाची भिंत भिजून बसते. ‘गळके घर उन्हाला फसवू शकते, पावसाला नाही’ अशी हैतीत म्हणच आहे. त्यामुळे हातात थोडे पैसे आले, मायामी किंवा न्यूयॉर्कला गेलेल्या मुलाने डॉलर पाठवले, की माणूस पहिल्यांदा काँक्रीटचे घर बांधायला घेई. काँक्रीटची स्लॅब वाऱ्याने उडत नाही, पावसाने गळत नाही, चोराला फोडता येत नाही, आणि पुढे पैसे जमले तर तिच्यावर आणखी एक मजला चढवता येतो. म्हणून कित्येक घरांच्या माथ्यावर उद्याच्या मजल्यासाठी सळया उभ्या सोडलेल्या असत. हा निर्णय कोणत्याही अर्थाने अडाणीपणाचा नव्हता. समोर दिसणाऱ्या धोक्यापुरता तो पूर्णपणे शहाणपणाचा होता.

पण तीच जड स्लॅब भूकंपात सर्वांत घातक ठरते. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जितके माथ्यावर ओझे अधिक, तितका खालच्या कॉलमवर आडवा धक्का अधिक. तो पेलायचा असेल तर कॉलम दणकट हवेत, त्यांतील उभ्या सळयांना जवळजवळ अंतरावर आडव्या रिंगांनी नीट आवळलेले हवे आणि कॉलम व बीम जिथे भेटतात तो सांधा पक्का हवा. हैतीत नेमके हेच महाग पडत होते. सिमेंट महाग, म्हणून मिश्रणात त्याचे प्रमाण कमी. वाळू डोंगरातल्या खाणीतली भुसभुशीत किंवा न धुतलेली. ब्लॉक पोकळ आणि अंगणातच पाडून उन्हात वाळवलेले, पाणी मारून मुरवण्याइतका वेळ व पाणी दोन्ही नसलेले. सळई अनेकदा गुळगुळीत, जिला काँक्रीट धरून ठेवत नाही. आणि रिंगा इतक्या दूरदूर की हादरा बसताच उभ्या सळया बाहेर फुगून कॉलम फुटून जावा. गिलावा केल्यावर यातले काहीच दिसत नाही. बाहेरून घर पक्के दिसते आणि राहणाऱ्याला ते पक्के वाटते.

अशा बांधकामाचा इशारा मिळण्यासाठी भूकंपाची गरजही नव्हती. 7 नोव्हेंबर 2008 रोजी पोर्ट-ओ-प्रिन्सलगतच्या पेशनव्हिल या उपनगरात एक शाळेची इमारत भूकंप किंवा वादळ काहीही नसताना वर्ग भरलेले असताना कोसळली आणि नव्वदहून अधिक जण, बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली.

या ठिकाणी मराठी वाचकाला किल्लारी आठवल्यावाचून राहणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाची क्षमता 6.2 होती आणि त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. तिथली घरे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंतींची होती आणि वर माळवद होते, ज्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवले जात. ते माळवद मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवी आणि पावसाला थोपवी. पहाटे चारच्या सुमारास तेच झोपलेल्या कुटुंबांवर आले. हैतीची स्लॅब आणि किल्लारीचे माळवद यांची सामग्री वेगळी असली तरी गणित एकच आहे. ज्याच्याजवळ एकाच संकटापुरते पैसे आहेत, तो नेहमी येणाऱ्या संकटाची तरतूद करतो आणि क्वचित येणाऱ्या संकटापुढे उघडा पडतो. वारा आणि भूकंप या दोहोंना तोंड देईल असे घर बांधणे तंत्राच्या दृष्टीने अजिबात अवघड नाही. पण त्यासाठी थोडे अधिक सिमेंट, थोड्या अधिक रिंगा, शिकलेला गवंडी आणि एखादी तपासणी करणारी यंत्रणा लागते, आणि यांतील शेवटच्या दोन गोष्टी एकट्या कुटुंबाला पैसे देऊनही विकत घेता येत नाहीत.

पोर्ट-ओ-प्रिन्समध्येच याचा उलटा पुरावाही उभा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बांधलेली नक्षीदार लाकडी घरे शहराच्या जुन्या वस्त्यांत शिल्लक होती. त्यांतील अनेकांची दुरुस्ती कित्येक वर्षे झाली नव्हती, लाकडाला वाळवी लागली होती, तरी त्यांतली फारच थोडी कोसळली. लाकडी सांगाडा हलका असतो आणि हादऱ्याबरोबर डुलतो. ही जाणीव त्या भूमीला पूर्वी होतीही: 1751 आणि 1770 च्या भूकंपांनी शहर उद्ध्वस्त केल्यावर फ्रेंच अमलाने दगडी बांधकामाला मनाई करून लाकडी घरांचा आग्रह धरला होता. पण पुढच्या दोन शतकांत तो नियमही मागे पडला आणि लाकूडही संपले. परकीय कर्जे फेडण्यासाठी मौल्यवान लाकूड निर्यात झाले, शेतीसाठी डोंगर उघडे झाले आणि शहरांतल्या चुलींसाठी कोळसा पाडण्यात उरलेली झाडे गेली. 2010 मधल्या सामान्य कुटुंबासमोर लाकडी घराचा पर्याय उरलेलाच नव्हता.

शहर एवढे कसे फुगले

1950 च्या सुमारास पोर्ट-ओ-प्रिन्सची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. भूकंपाच्या वेळी महानगरात वीस लाखांहून कितीतरी अधिक लोक राहत होते. देशाच्या अर्थव्यवहाराचा निम्म्याहून अधिक भाग, जवळजवळ सर्व सरकारी कचेऱ्या, मोठी रुग्णालये आणि उच्च शिक्षण याच एका शहरात गोळा झाले होते. त्यामुळे एक शहर पडले आणि देशच पडला. पुढे हानीचा जो अंदाज काढण्यात आला तो सुमारे 780 कोटी डॉलरचा होता, म्हणजे देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नापेक्षाही अधिक.

हे एकवटणे निसर्गाने केलेले नाही. सँ-दोमँग या नावाने ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती आणि तिची साखर व कॉफी गुलामांच्या श्रमांवर पिकत होती. 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. 1825 मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने लढाऊ जहाजे पाठवून मान्यतेच्या बदल्यात 15 कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम जुन्या मळेवाल्यांची ‘मालमत्ता’ गेल्याची भरपाई होती, आणि त्या मालमत्तेत गुलाम म्हणून राबलेली माणसेही धरलेली होती. 1838 मध्ये रक्कम 9 कोटींवर आली, पण पहिलाच हप्ता भरण्यासाठी पॅरिसच्याच बँकेकडून कर्ज काढावे लागले होते, आणि या कर्जांची साखळी 1947 पर्यंत संपली नाही. शाळा, रस्ते, रुग्णालये, जमिनीची मोजणी, या साऱ्यांसाठी जो पैसा राज्याच्या तिजोरीत साठायचा, तो शंभर वर्षांहून अधिक काळ बाहेर वाहत राहिला. 1915 ते 1934 या काळात देशावर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. 1957 ते 1986 या काळात दुवालिए पितापुत्रांची हुकूमशाही होती. हैतीच्या राज्यकर्त्यांचा दोष यात मोठा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या हाती आलेले राज्य मुळातच रिकामे करून दिलेले होते, हेही तितकेच खरे आहे.

खेड्यांतून शहराकडे लोंढा लागण्याची तात्कालिक कारणे अधिक अलीकडची आहेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डुकरांच्या साथीच्या भीतीने देशातील जवळजवळ सर्व गावठी डुकरे मारण्यात आली. शेतकरी कुटुंबासाठी हे डुक्कर म्हणजे बचत खाते होते, मुलाच्या शाळेची फी आणि आजारपणाचा खर्च त्यातून निघे. 1990 च्या दशकाच्या मध्यात आंतरराष्ट्रीय दबावाखाली तांदळावरील आयात शुल्क 3 टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ बाजारात आला आणि आर्तिबोनित खोऱ्यातला भातशेतकरी त्याच्यापुढे टिकला नाही. या धोरणात ज्यांचा हात होता त्या बिल क्लिंटन यांनी मार्च 2010 मध्ये, म्हणजे भूकंपानंतर दोन महिन्यांनी, ही चूक होती असे अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जाहीरपणे कबूल केले. ज्या शेतकऱ्याचे भात विकले गेले नाही तो शहरात आला आणि सपाट, सुरक्षित जमीन आधीच भरलेली असल्यामुळे त्याला घळीच्या काठावर, ओढ्याच्या पात्रात किंवा डोंगराच्या उभ्या उतारावर जागा मिळाली. डोंगराच्या धारेवर भूकंपाचा हादरा सपाटीपेक्षा अधिक तीव्र बसू शकतो, हे पोर्ट-ओ-प्रिन्सच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर नंतर केलेल्या मोजमापांतून दिसले. उतारावर एकावर एक चढलेली घरे वरून खाली कोसळली आणि प्रत्येक घराने खालच्या घराला बरोबर नेले.

यातून एक गोष्ट मात्र निसटू नये. प्रासाद पडला, परदेशी पाहुण्यांचे महागडे हॉटेल पडले, आर्चबिशप जोझेफ सेर्ज मियो आपल्या निवासस्थानी मृत्यू पावले. गरीब देशातला श्रीमंत माणूस आपले घर भिंतीने वेढू शकतो आणि जनित्र लावून उजेड करू शकतो, पण देशात बांधकामाचा नियमच नसेल, सिमेंटची प्रत कोणी तपासत नसेल, तर तो स्वतःपुरते सुरक्षित राष्ट्र विकत घेऊ शकत नाही.

धोका ठाऊक होता

एन्रिकिलो–प्लँटेन गार्डन या नावाचा मोठा भ्रंश, म्हणजे भूकवचातील भेग, हैतीच्या दक्षिण द्वीपकल्पातून, राजधानीच्या जवळून जातो. मार्च 2008 मध्ये एरिक कॅले, पॉल मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात भरलेल्या भूशास्त्र परिषदेत सांगितले की या भ्रंशावर अडीचशे वर्षांचा ताण साठलेला आहे आणि तो एका फटक्यात सुटला तर सुमारे 7.2 क्षमतेचा भूकंप होऊ शकतो. हैतीच्या अधिकाऱ्यांपर्यंतही हे पोहोचवण्यात आले. (पुढे तपासणीत असे दिसले की 2010 मध्ये बराचसा ताण लिओगानजवळच्या एका छुप्या, पूर्वी नकाशावर नसलेल्या भ्रंशावर सुटला; म्हणजे मुख्य भ्रंशावरचा धोका संपलेला नाही.)

तरीही दोन वर्षांत काही झाले नाही, आणि त्याबद्दल अधिकाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. इशारा मिळाला त्याच वर्षी चार वादळे आली होती आणि अन्नधान्याच्या भाववाढीने दंगली पेटून पंतप्रधानांना पद सोडावे लागले होते. देशभर लागू होईल अशी बांधकाम संहिता नव्हती, भूकंपमापन केंद्रांचे जाळे नव्हते, आणि संहिता असती तरी ती अमलात आणणारे अभियंते नव्हते. चिलीने 1928 च्या भूकंपानंतर नियम करायला घेतले, प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर ते सुधारले आणि इमारतीत रचनेचा दोष आढळला तर बांधणाऱ्याला दहा वर्षे जबाबदार धरणारा कायदा केला. त्यामागे ऐंशी वर्षांचे सातत्य आहे. हैतीत असे सातत्य टिकू शकले नव्हते. विज्ञानाचे ज्ञान गरीब देशाला फुकट मिळू शकते. ते भिंतीत उतरवणारी यंत्रणा मात्र पिढ्यानुपिढ्या पैसे आणि शांतता खर्चून उभी करावी लागते.

ढिगाऱ्यानंतर

पहिल्या दोन-तीन दिवसांत जिवंत निघालेल्या बहुसंख्य माणसांना शेजाऱ्यांनी हातांनी, पहारींनी आणि तुटक्या सळयांनी उकरून काढले. परदेशांतून आलेल्या प्रशिक्षित पथकांनी मिळून सव्वाशेच्या वर माणसे वाचवली. प्रयत्न मोठा होता, पण ती पथके पोहोचेपर्यंत बहुतेकांची वेळ संपत आली होती. बंदरातल्या धक्क्यांची वाताहत झाली होती, विमानतळाचा मनोरा निकामी झाला होता आणि एकाच धावपट्टीवर जगभरातून विमाने येत होती. जखमींची संख्या सरकारी अंदाजानुसार तीन लाखांच्या आसपास होती आणि ज्या रुग्णालयांत त्यांना न्यायचे, तीच पडलेली होती. काँक्रीटखाली चिरडलेले हात-पाय वेळेत उपचार न मिळाल्याने कापावे लागले. वेळेवर शस्त्रक्रियागृह मिळाले असते तर वाचू शकले असते असे किती अवयव आणि किती जीव गेले, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही.

विम्याचे उदाहरण बोलके आहे. कॅरिबियन देशांनी मिळून उभारलेल्या आपत्ती निधीकडून हैतीला दोन आठवड्यांच्या आत सुमारे 77 लाख डॉलर मिळाले. निधीने आपले काम चोख केले, पण हैतीला जेवढा हप्ता परवडला होता त्यावर मिळणारी ही रक्कम एकूण हानीच्या हजाराव्या हिश्श्याइतकी होती. चिलीत हानीचा मोठा वाटा खासगी विम्याने भरून दिला. हैतीच्या कुटुंबांचा खरा विमा म्हणजे परदेशांत असलेले नातेवाईक होते, आणि ज्यांचे असे कोणी नव्हते त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

31 मार्च 2010 रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या परिषदेत देणगीदारांनी पहिल्या दोन वर्षांसाठी 530 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. मात्र तातडीच्या मदतीचा जो पैसा खर्च झाला त्यातील जेमतेम 1 टक्का हैती सरकारच्या हाती गेला; बाकीचा परदेशी सरकारांच्या स्वतःच्या यंत्रणा, संयुक्त राष्ट्रांच्या शाखा आणि बिगरसरकारी संस्था यांच्यामार्फत खर्च झाला. देणगीदारांची भीती निराधार नव्हती, भ्रष्टाचार होताच. पण सरकार कमकुवत आहे म्हणून त्याला वगळायचे आणि वगळल्यामुळे ते आणखी कमकुवत राहायचे, या फेऱ्यातून देश बाहेर कसा पडणार, याचे उत्तर त्या पद्धतीत नव्हते. सुमारे एक कोटी घनमीटर ढिगारा उपसायचा होता, पण तो कोणाच्या जागेवरून उपसायचा आणि नवे घर कोणाच्या जागेवर बांधायचे हे ठरवायला आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा सर्वमान्य उताराच बहुतेक जमिनींना नव्हता. छावण्यांत राहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मुळात भाडेकरू होते. घरमालकाला घर बांधून देण्याची योजना आखता येते. ज्याचे स्वतःचे काहीच पडले नाही, फक्त डोक्यावरचे छप्पर गेले, त्याला काय द्यायचे हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला.

ऑक्टोबर 2010 मध्ये आर्तिबोनित खोऱ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली. त्याआधी किमान शंभर वर्षे हैतीत या रोगाची नोंद नव्हती. मिरबाले गावाजवळच्या शांतिसेनेच्या तळावरील मैला नदीच्या एका उपनदीत मिसळला आणि तिथून रोग पसरला, हे पुढे तपासांनी दाखवून दिले. नेपाळमध्ये नुकतीच पटकीची लाट येऊन गेली होती आणि तळावर तिथूनच आलेली तुकडी होती. पुढील वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी डिसेंबर 2016 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, हैतीच्या जनतेची माफी मागितली. रोग बाहेरून आला, पण त्याला वाट मिळाली ती नदीचेच पाणी पिणाऱ्या खेड्यांतून आणि सांडपाण्याची व्यवस्थाच नसलेल्या शहरांतून. 1770 च्या भूकंपातही असेच झाले होते: प्रत्यक्ष हादऱ्यात मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे, त्यांत हजारो गुलाम, त्यानंतरच्या उपासमारीने आणि रोगराईने मेली.

पुन्हा ऑगस्टमध्ये

14 ऑगस्ट 2021 रोजी सकाळी त्याच दक्षिण द्वीपकल्पात, राजधानीपासून बरेच पश्चिमेला, 7.2 क्षमतेचा भूकंप झाला. राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईस यांची हत्या होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. वस्ती विरळ असल्यामुळे मृतांचा आकडा 2010 च्या तुलनेत कमी, म्हणजे 2,200 च्या वर राहिला. पन्नास हजारांहून अधिक घरे पडली. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा एकच मोठा रस्ता मार्तिसाँ या वस्तीतून जातो आणि तिथे सशस्त्र टोळ्यांचा अंमल होता, त्यामुळे मदतीच्या गाड्यांना वाट मिळवण्यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या.

भूकंपानंतर दोनच दिवसांनी ग्रेस हे उष्णकटिबंधीय वादळ त्याच भागावरून गेले. तडे गेलेल्या स्लॅबखाली झोपण्याची हिंमत नसलेली हजारो कुटुंबे उघड्यावर, ताडपत्री आणि चादरी ताणून बसली होती, आणि रात्रभर मुसळधार पाऊस पडत होता. ज्या पावसापासून वाचण्यासाठी त्यांनी ती स्लॅब घातली होती, तो त्यांच्या अंगावर पडत होता. आणि मागे उभे असलेले घर अजून कोरडे होते, पण त्यात पाऊल टाकायला कोणी तयार नव्हते.